एक कॉम्प्युटर, दोन खेळाडू: प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांत बजेट कसं वाटलं गेलं

पार्श्वभूमी

थोरली बहीण नोकरी करणारी, धाकटा भाऊ कॉलेजात. दोघांनाही गेमिंगची आवड, घरात कॉम्प्युटर एकच. तो जुना झाला होता म्हणून नवा असेंबल करायचं ठरलं. पैसे मुख्यतः ताईचे, पार्ट्सची यादी धाकट्याची. खरेदीआधी ती यादी माझ्याकडे तपासायला आली. ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. किमती सतत हलतात, म्हणून रकमांऐवजी एकूण बजेटचे शंभर भाग धरून हिशोब मांडला आहे.

जुन्या मशीनमध्ये कोअर आय५-७५०० होता, म्हणजे चार कोअर (काम करणारे भाग) आणि चारच थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). जोडीला ४ जीबीचं जीटीएक्स १०५० टीआय, ८ जीबी रॅमची एकच स्टिक आणि ६० हर्ट्झचा (सेकंदाला साठ चित्रं दाखवणारा) १०८०पी मॉनिटर.

धाकट्याचा जीव काउंटर-स्ट्राइक २ आणि व्हॅलोरंट या स्पर्धात्मक शूटर गेममध्ये. तिथे तो सगळी सेटिंग्ज खाली ओढून खेळतो, कारण त्याला चित्र सुंदर नको, ताबडतोब हवं. ताईचं उलटं. ती सायबरपंक २०७७, एल्डन रिंग, बाल्डर्स गेट ३ असे गोष्ट सांगणारे, मोठ्या जगाचे गेम खेळते. तिला पाऊस, प्रकाश, लांबवरची दृश्यं नीट दिसायला हवीत. फ्रेम्स (सेकंदाला तयार होणारी चित्रं) साठच्या आसपास स्थिर राहिल्या की ती समाधानी.

यादी अशी होती: रायझन ७ ५७००एक्स आणि त्याचा वेगळा कूलर मिळून २८ भाग, मदरबोर्ड २०, आरएक्स ६५०० एक्सटी ग्राफिक्स कार्ड २०, ३२ जीबी रॅम ११, एसएसडी ८, नवं कॅबिनेट ७, एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग) ६. मॉनिटर यादीत नव्हता, जुनाच चालवायचा होता.

धाकट्याचं म्हणणं होतं, "आठ कोअर घेतले की पुढची चार-पाच वर्षं बघायला नको. कार्ड काय, नंतर बदलता येईल. शिवाय मला खेळता खेळता रेकॉर्डिंग करायचंय." हा विचार वाऱ्यावर सोडण्यासारखा नाही. कार्ड बदलणं खरोखरच सोपं असतं, एक स्क्रू आणि एक केबल. प्रोसेसर बदलायचा तर कूलर काढा, पेस्ट लावा, कधी बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा. पण या यादीत प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून जवळजवळ निम्मं बजेट जात होतं आणि कार्डाच्या वाट्याला पाचवा हिस्सा उरत होता. गेमिंगसाठी घेतलेल्या मशीनमध्ये हे प्रमाण दिसलं की मी आधी थांबतो आणि कारण विचारतो.

अडचण नेमकी कुठे होती

प्रत्येक फ्रेम तयार होताना आधी सीपीयूचं, म्हणजे प्रोसेसरचं, काम असतं: कोण कुठे आहे, गोळी कुठे लागली, गर्दीतला माणूस कुठल्या दिशेने वळला, पडद्यावर काय काय काढायचं आहे. ही यादी तयार झाली की ग्राफिक्स कार्ड ते चित्र रंगवतं. कार्ड एक फ्रेम रंगवत असताना सीपीयू पुढच्या फ्रेमच्या तयारीला लागलेला असतो. त्यामुळे दोघांच्या वेळांची बेरीज होत नाही, जो हळू त्याच्या गतीने सगळं चालतं.

सेकंदाला ६० फ्रेम्स हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हव्या असतील तर फक्त ६.९. आणि इथे एक गोष्ट लोक वारंवार विसरतात: रिझोल्यूशन वाढवलं तरी सीपीयूचं काम जवळपास तेवढंच राहतं. गर्दीत जितकी माणसं आहेत तितकीच हलवायची असतात. कार्डाचं काम मात्र पिक्सेलबरोबर वाढतं. १०८०पी म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे सुमारे ३६.९ लाख, म्हणजे पाऊणपट जास्त.

म्हणून "सीपीयूवर अमुक टक्के, कार्डावर तमुक टक्के" असं कोणतंही ठरीव प्रमाण मला पटत नाही. ताईला १६.७ मिलिसेकंदांत जड चित्र हवं होतं, धाकट्याला ६.९ मिलिसेकंदांत हलकं. पैसे एकाच खिशातले, मशीन एकच, आणि दोघांची गरज दोन वेगवेगळ्या पार्ट्सकडे बोट दाखवत होती. खरं प्रकरण इथे होतं.

यादीतल्या कार्डाची एक वेगळी अडचण होती. आरएक्स ६५०० एक्सटी हे जानेवारी २०२२ मध्ये आलेलं कार्ड: ४ जीबी मेमरी, ६४ बिटची बस (त्या मेमरीपर्यंतची वाट, अरुंद) आणि पीसीआय एक्सप्रेसच्या (मदरबोर्डशी जोडणाऱ्या मार्गाच्या) फक्त चार लेन. ताईच्या जुन्या कार्डातही ४ जीबीच होती! म्हणजे एवढा खर्च करूनही तिच्या गेममध्ये टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) जिथे अडत होती तिथेच अडणार होती.

खरेदीआधी जुन्या मशीनवर मोजमाप

यादीवर वाद घालण्याआधी मी दोघांना जुन्याच मशीनवर एक साधी चाचणी करायला सांगितली. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारा रिव्हाट्यूनर टाकायचा, पडद्याच्या कोपऱ्यात कार्डाचा वापर, फ्रेम्स आणि फ्रेमटाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळाचा) आलेख दिसेल असं करायचं. मग आपापल्या गेममधली सगळ्यांत जड जागा गाठायची. तिथे उभं राहून रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणायचं आणि आकड्यांकडे बघायचं.

सायबरपंकमध्ये शहरातल्या रस्त्यावर कार्डाचा वापर ९९ टक्क्यांना चिकटलेला होता. रिझोल्यूशन उतरवल्याबरोबर फ्रेम्स उडी मारून वर गेल्या. तिथे कार्ड अडवत होतं. काउंटर-स्ट्राइकमध्ये धुराच्या आणि गोळीबाराच्या वेळी कार्ड निम्म्याच्या आसपास काम करत होतं आणि रिझोल्यूशन उतरवूनही फ्रेम्स जागच्या हलल्या नाहीत. तिथे सीपीयू अडवत होता.

धाकट्याला याच्यावर शंका आली, कारण इतर कुठल्याशा मशीनवर त्याने सीपीयूचा वापर ४०-५० टक्के पाहिला होता आणि "म्हणजे सीपीयू रिकामाच आहे की" असं त्याचं मत झालं होतं. हा आकडा फार फसवा आहे. तो सगळ्या थ्रेड्सची सरासरी दाखवतो. गेमचा मुख्य थ्रेड एकटाच पूर्ण दमलेला असतो आणि बाकीचे थ्रेड त्याची वाट बघत बसलेले असतात. बारा थ्रेडच्या प्रोसेसरवर एक थ्रेड शंभर टक्के भरला तरी एकूण आकड्यात तो साधारण आठ टक्केच दिसतो. म्हणून सीपीयूचा टक्का न बघता कार्डाचा टक्का बघावा. फ्रेम्सना कुठलीही मर्यादा लावलेली नसताना कार्ड ९७-९९ टक्क्यांच्या खाली राहत असेल, तर त्याला कुणीतरी थांबवतंय.

या छोट्या चाचणीने चर्चेचा सूर बदलला. धाकट्याला नवा सीपीयू हवा होता हे बरोबर ठरलं. ताईला नवं कार्ड हवं होतं हेही बरोबर ठरलं. प्रश्न एवढाच उरला की किती.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय मूळ यादीचाच.

दुसरा, जुन्या मशीनमध्येच चांगलं कार्ड बसवायचं. सगळ्यांत स्वस्त आणि ताईसाठी सगळ्यांत झटपट. पण चार थ्रेडवर आजचे मोठे गेम सरासरी फ्रेम्स बऱ्या दाखवतात आणि मध्येच अडखळतात, आणि धाकट्याच्या अडचणीला तर हातच लागत नव्हता. शिवाय सातव्या पिढीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत, आणि विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होती. त्यावर नवा पैसा लावणं मला योग्य वाटलं नाही.

तिसरा पर्याय दुसऱ्या टोकाचा, ताईच्या एका सहकाऱ्याने सुचवलेला: कोअर आय३-१२१००एफ हा चार कोअर, आठ थ्रेडचा छोटा प्रोसेसर आणि जोडीला १२ जीबीचं आरएक्स ६७०० एक्सटी. "गेमिंगमध्ये कार्डच सगळं असतं" या तत्त्वावर उभी असलेली यादी.

चौथा, मधला: सहा कोअर, बारा थ्रेडचा रायझन ५ ५६०० आणि ८ जीबीचं आरएक्स ६६००.

याच किमतीच्या आसपास इंटेलचं आर्क बी५८० हेही नाव आलं. डिसेंबर २०२४ मध्ये आलेलं, १२ जीबी मेमरीचं कार्ड, कागदावर फार आकर्षक. पण २०२५ च्या सुरुवातीच्या चाचण्यांत दिसलं की रायझन ५ ५६०० सारख्या मध्यम प्रोसेसरबरोबर ते काही गेममध्ये प्रतिस्पर्धी कार्डांपेक्षा बरंच जास्त मागे पडतं, कारण त्याच्या ड्रायव्हरचा सीपीयूवरचा भार मोठा होता. ज्याला काउंटर-स्ट्राइकमध्ये प्रत्येक मिलिसेकंद वाचवायचा आहे त्याच्यासाठी हे नको होतं, म्हणून ते बाजूला ठेवलं.

पर्याय ताडून पाहायची पद्धत सोपी होती. ग्राफिक्स कार्डांची परीक्षणं बाजारातला सगळ्यांत वेगवान प्रोसेसर लावून केलेली असतात, आणि प्रोसेसरची परीक्षणं सगळ्यांत वेगवान कार्ड लावून. म्हणून दोन्हीतले आकडे घ्यायचे: हा प्रोसेसर या गेममध्ये जास्तीत जास्त किती फ्रेम्स तयार करू शकतो, आणि हे कार्ड याच सेटिंगवर जास्तीत जास्त किती रंगवू शकतं. दोघांपैकी जो आकडा लहान, तो साधारण तुमचा आकडा. कार्डाचं परीक्षण एकटं वाचून खरेदी करणारा माणूस स्वतःच्या घरी न येणारा आकडा मनात धरून बसतो.

निर्णयाची वळणं

*मॉनिटर आधी.* धाकट्याच्या यादीत जुना ६० हर्ट्झचा पडदा होता. त्यावर त्याला सेकंदाला दोनशे फ्रेम्स तयार करून दिल्या तरी पडदा साठच दाखवणार. माउस-कीबोर्डचा प्रतिसाद थोडा लवकर मिळतो हे खरं, पण आठ कोअरच्या प्रोसेसरसाठी तो जे पैसे मोजत होता त्याचा मुख्य लाभ डोळ्यांपर्यंत पोचतच नव्हता. मॉनिटर बजेटच्या आतच बसवायचा हा आग्रह मी धरला आणि तो सगळ्यांत महत्त्वाचा ठरला, कारण पडद्यामुळे बाकीच्या दोन्ही पार्ट्सचं लक्ष्य ठरतं. ताईला १४४०पी हवा होता. पाऊणपट जास्त पिक्सेल रंगवायचे तर कार्ड एक पायरी वरचं लागणार, आणि ते परवडत नव्हतं. १०८०पी, १४४ हर्ट्झ यावर दोघांचं एकमत झालं. ताईने यात खरोखर तडजोड केली, हे नोंदवायला हवं.

*आठ कोअर की सहा.* रायझन ७ ५७००एक्स आणि रायझन ५ ५६०० दोघांचीही एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) ३२ एमबी आहे, कमाल वेग ४.६ आणि ४.४ गिगाहर्ट्झ. त्यामुळे बहुतेक गेममध्ये दोघांतला फरक थोडासाच राहतो. जास्तीचे दोन कोअर उपयोगी पडतात ते व्हिडिओ एन्कोडिंग (चित्रण दाबून फाइल बनवणं), रेंडरिंग अशा कामांना. धाकट्याचा मुद्दा हाच होता: रेकॉर्डिंग.

आणि इथे मूळ यादीची गाठ सुटली. आरएक्स ६५०० एक्सटी मध्ये व्हिडिओ एन्कोड करणारं हार्डवेअरच नाही. त्या कार्डाबरोबर रेकॉर्डिंगचा सगळा भार सीपीयूवर येणार, म्हणून आठ कोअर लागणार, म्हणून कार्डाला पैसे कमी पडणार, म्हणून तेच कार्ड घ्यावं लागणार. आरएक्स ६६०० मध्ये एन्कोडर आहे. ओबीएस या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये तो निवडला की रेकॉर्डिंगचा सीपीयूवरचा भार किरकोळ उरतो. आठ कोअर हवेत असं वाटण्याचं कारणच मुळात हलकं कार्ड होतं. धाकट्याला हे सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "ताई, मग सहाच घेऊ."

आणखी एक बारीक गोष्ट. ५७००एक्स बरोबर कूलर येत नाही, ५६०० च्या डब्यात येतो. ६५ वॉटच्या या प्रोसेसरला तो पुरतो, आवाज थोडा करतो एवढंच.

*मग चार कोअर का नाहीत.* आय३-१२१००एफ हा लहान असूनही चपळ प्रोसेसर आहे, आणि त्याच्यासोबतच्या आरएक्स ६७०० एक्सटी ने ताईचे गेम नक्कीच जास्त देखणे चालले असते. या पर्यायाचा मोह मलाही झाला. तो दोन कारणांनी सोडला. एक म्हणजे बाल्डर्स गेट ३ चा तिसरा अंक आणि सायबरपंकचे गर्दीचे रस्ते. ही दोन्ही ठिकाणं सीपीयूला दमवतात, आणि सायबरपंकचा २०२३ मधला २.० अपडेट आल्यापासून तो गेम उपलब्ध कोअर जास्त जोमाने वापरतो. तिथे सरासरी चांगली दिसून १ टक्का लो (सगळ्यांत हळू एक टक्का फ्रेम्सचा वेग) घसरण्याची शक्यता होती, आणि ताईला नेमकं स्थिर चित्र हवं होतं. दुसरं कारण वीज. आरएक्स ६७०० एक्सटी २३० वॉटचं कार्ड आहे, एएमडीची शिफारस ६५० वॉटच्या एसएमपीएसची. आरएक्स ६६०० ला १३२ वॉट लागतात आणि ४५० ची शिफारस आहे. कार्डाच्या किमतीत न दिसणारा हा खर्च आधीच ताणलेल्या बजेटमधून जाणार होता.

*सीपीयूमध्ये आणखी एक पायरी उतरावं का.* रायझन ५ ५५०० हाही सहा कोअरचाच आहे आणि स्वस्त पडतो. नाव जवळचं असल्यामुळे बरेच जण तो "जवळजवळ तोच" म्हणून घेतात. पण त्याची एल३ कॅशे निम्मी, १६ एमबी, आणि तो पीसीआय एक्सप्रेस ३.० वर थांबतो. स्पर्धात्मक शूटरना कॅशेचा फायदा स्पष्ट होतो. जिथे सीपीयू अडवतो तिथेच कॅशे कापायची, हे धाकट्यावर अन्याय करणारं झालं असतं. इथे थोडे पैसे वाचवू नयेत असं मी ठामपणे सांगितलं.

काय केलं

शेवटची वाटणी अशी झाली: आरएक्स ६६०० ला २९ भाग, १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला २०, रायझन ५ ५६०० ला १८, साध्या बी५५० मदरबोर्डला १३, ५५० वॉटच्या चांगल्या एसएमपीएसला ९, ८ जीबीच्या दोन स्टिक मिळून १६ जीबी डीडीआर४-३२०० रॅमला ६, छोट्या एनव्हीएमई एसएसडीला ५. जुनं कॅबिनेट ठेवलं, पुढे एक पंखा जुनाच होता तो साफ करून घेतला. जुनी साटा एसएसडी गेम साठवायला कामी आली.

मदरबोर्डचे सात भाग वाचले ते दिवे, जाड हीटसिंक आणि जास्तीचे पोर्ट सोडून. ६५ वॉटच्या प्रोसेसरला त्यांची गरज नव्हती. रॅम ३२ वरून १६ वर आणली, पण दोन स्टिक घेतल्या, कारण ड्युअल चॅनेल (दोन स्टिक एकत्र चालणं) नसेल तर सीपीयूला डेटा मिळायला उशीर होतो आणि त्याची झळ नेमकी कमीत कमी फ्रेम्सना बसते. बोर्डावर चार स्लॉट आहेत, पुढे आणखी दोन स्टिक बसवता येतील.

एसएमपीएसवर मूळ यादीपेक्षा जास्त खर्च झाला, हा एकच बदल ताईला पटायला वेळ लागला. फ्रेम्स त्याने वाढत नाहीत. पण तो बिघडला तर सोबत काय काय नेईल याचा भरवसा नसतो. शिवाय हाच भाग पुढच्या दोन-तीन कार्डांपर्यंत टिकतो.

जोडणीनंतर

पहिल्या दिवशी धाकट्याचा निरोप आला की काउंटर-स्ट्राइक "काही खास नाही". फ्रेम्सचा आकडा मोठा दिसतोय, पण हाताला फरक जाणवत नाही, आणि मध्येच झटके बसतायत. दोन गोष्टी निघाल्या. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटर अजून ६० हर्ट्झवरच होता. आणि बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिची पूर्ण गती देणारी सेटिंग) चालू न केल्यामुळे रॅम ३२०० ऐवजी २१३३ वर चालत होती. दोन्ही दुरुस्त केल्यावर झटके बरेच कमी झाले आणि पडदा खऱ्या अर्थाने १४४ वर आला. नव्या मशीनमध्ये या दोन जागा इतक्या वेळा तशाच राहतात की पार्ट्स बदलायचा विचार मनात येण्याआधी त्या बघायलाच हव्यात.

त्यानंतर तीच रिझोल्यूशन उतरवायची चाचणी पुन्हा केली. काउंटर-स्ट्राइकमध्ये कमी सेटिंगवर फ्रेम्स बहुतेक वेळ पडद्याच्या १४४ च्या बऱ्याच वर राहतात, कार्ड पूर्ण भरत नाही. म्हणजे तिथे अजूनही सीपीयूच सीमा ठरवतो, पण ती सीमा आता पडद्याच्या पलीकडे गेली आहे. धूर आणि गोळीबार एकत्र आला की १ टक्का लो १४४ च्या खाली उतरतो. हे मान्य करून पुढे जायचं ठरलं. व्हॅलोरंटबद्दल बोलण्यासारखं काही उरलं नाही.

सायबरपंकमध्ये रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशोब करणारं जड तंत्र) बंद ठेवून, हाय सेटिंगवर कार्ड ९८-९९ टक्के भरलेलं आणि फ्रेम्स बहुतेक ठिकाणी साठच्या वर. ताईने फ्रेम्सना साठची मर्यादा लावली आणि गर्दीची घनता एक पायरी कमी केली, कारण ती सेटिंग मुख्यतः सीपीयूवर जाते. फ्रेमटाइमची रेघ जवळपास सपाट झाली. एल्डन रिंगला पीसीवर साठचीच मर्यादा आहे, तिथे प्रश्न आला नाही. बाल्डर्स गेट ३ च्या तिसऱ्या अंकातल्या शहरात मात्र कार्डाचा टक्का खाली येतो आणि फ्रेम्स साठच्या खाली घसरतात. ग्राफिक्स सेटिंग कमी करून काही होत नाही, कारण तिथे अडवणारा सीपीयू आहे. मूळ यादीतल्या ५७००एक्स ने इथे किंचित मदत केली असती, पण बाकी सगळीकडे आरएक्स ६५०० एक्सटी च्या ४ जीबीने पाय ओढला असता. तिथे ताईने मर्यादा ४८ वर आणली. तिच्या मते वेगवान पण धडपडणाऱ्या चित्रापेक्षा हे बरं.

रेकॉर्डिंग कार्डाच्या एन्कोडरवर चालतं. धाकट्याची आठ कोअरची मागणी पुन्हा निघालेली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

कार्डाची मेमरी हा सगळ्यांत उघडा प्रश्न आहे. १०८०पी वर ८ जीबी आज बहुतेक गेमना पुरते, पण काही नव्या गेममध्ये अल्ट्रा टेक्स्चर ठेवली की ती भरते आणि मग कार्डात ताकद असूनही चित्र अडखळतं. त्याच रकमेत वापरलेलं १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० मिळू शकलं असतं. शुद्ध वेगात ते फार पुढे नाही, पण मेमरी जास्त आणि डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करणारं तंत्र) मिळालं असतं. वॉरंटीशिवाय कार्ड घ्यायची ताईची तयारी नव्हती आणि तिचं म्हणणं योग्य होतं. जिथे कार्ड घरी आणून तासभर जड गेम चालवून परत करता येतं, तिथे मी हा पर्याय जास्त लावून धरला असता.

एएम४ सॉकेटवर (मदरबोर्डवरची ५६०० बसायची जागा) पैसे लावले हाही वादाचा मुद्दा आहे. हा सॉकेट २०१६ पासूनचा आणि त्याचा शेवट आता दिसतो. २०२२ मध्ये आलेला एएम५ घेतला असता तर पुढची वाट लांब मिळाली असती, एएमडीने तो २०२७ आणि त्यापुढेही चालवायचं सांगितलं आहे. पण एएम५ वर फक्त डीडीआर५ रॅम चालते, बोर्डही महाग. तो फरक या बजेटमध्ये थेट कार्डातून किंवा मॉनिटरमधून वजा झाला असता. बजेटमध्ये दहा-पंधरा भाग जास्त असते तर मी एएम५ कडे वळवलं असतं. एवढ्यात नाही.

मोजमाप आणखी आधी व्हायला हवं होतं, यादी तयार होण्याच्याही आधी. धाकट्याने यादी करताना बरेच दिवस परीक्षणं बघितली होती आणि त्या यादीशी त्याचं मन गुंतलं होतं. जुन्या मशीनवर अर्धा तास आकडे बघून सुरुवात झाली असती, तर आठ कोअर डोक्यातून काढण्याचा त्रास त्याला झाला नसता.

पुढचा खर्च कधी आणि कशावर, हेही आत्ताच ठरवून ठेवलं आहे. ताईच्या नव्या गेममध्ये हाय टेक्स्चरवर ८ जीबी भरू लागली तर आधी कार्ड, आणि ते ५५० वॉटच्या एसएमपीएसमध्ये बसणारंच. काउंटर-स्ट्राइकचा १ टक्का लो धाकट्याला खटकू लागला तर आधी सीपीयू, आणि तोही जास्त कोअरसाठी नव्हे, जास्त कॅशेसाठी: ९६ एमबी एल३ असलेला रायझन ७ ५७००एक्स३डी याच बोर्डवर, बायोस अपडेट करून, बसतो. नवा मिळाला नाही तर वापरलेला शोधायचा, कारण प्रोसेसर वापरलेला घेण्यात कार्डापेक्षा धोका बराच कमी असतो.